पक्षाघातानंतर चालताना वाकणारा हात: मेंदूचा वाटा किती आणि उपचार कुठून सुरू करावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना आठ महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली. आता ते डाव्या हातात काठी धरून घरात आणि थोडेफार बाहेर चालतात. खुर्चीत बसलेले असताना उजवा हात मांडीवर सैल असतो आणि सांगितले तर कोपरही बऱ्यापैकी सरळ होते. पण उठून चार पावले टाकली की कोपर वाकते, हात छातीपाशी येतो आणि मूठ आवळली जाते. घरातली माणसे ‘हात सोडा, हात हलवा’ असे सांगत राहतात, वडील चिडतात आणि हात आणखी वर जातो. चालताना हात हलवण्याचे काम मेंदू करतो की ते आपोआप होते, आपोआप होत असेल तर मेंदूतल्या इजेने ते का बिघडावे, आणि हा हात पुन्हा पूर्वीसारखा हलेल का, हे जाणून घ्यायचे आहे.

मेंदूविकारांच्या रुग्णांबरोबर फिजिओथेरपिस्ट म्हणून अनेक वर्षे काम करताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत सतत ऐकायला मिळाला आहे, आणि हातासंबंधी असला तरी त्याचे उत्तर पायांपासून सुरू करावे लागते. चालताना हाताला जी लय येते ती बरीचशी शरीराच्या हालचालीतून आणि मज्जारज्जूतल्या जोडण्यांमधून येते. मेंदू त्या लयीला जोर देतो, आवर घालतो आणि प्रसंगानुसार तिच्यात बदल करतो. पक्षाघातात मेंदूचा हा वाटा कमी पडतो, आणि पाय व तोल सांभाळण्यासाठी जो जादा जोर लावावा लागतो तो हातात नको त्या स्नायूंमध्ये उतरतो. त्यामुळे वडिलांचा हात जितका वर येतो, तितके त्या क्षणी चालणे त्यांना जड जात आहे असे समजायला हरकत नाही.

निरोगी माणूस चालताना उजवा पाय पुढे टाकतो तेव्हा त्याचा डावा हात पुढे येतो. पाय पुढे जाताना धड उभ्या अक्षाभोवती वळू पाहते, आणि विरुद्ध हाताच्या झोक्यामुळे ते वळण बरेचसे फिटते. हर्बर्ट एल्फ्टमन यांनी १९३९ मध्येच हे मोजमापासह दाखवले होते. पुढे २००९ मध्ये कॉलिन्स, अ‍ॅडम्झिक आणि कुओ या संशोधकांनी निरोगी व्यक्तींना हात अंगाशी स्थिर धरून चालायला लावले, तेव्हा चालण्याला लागणारी ऊर्जा १२ टक्क्यांनी वाढली. आणि हात मुद्दाम उलट्या तालात, म्हणजे उजव्या पायाबरोबर उजवा हात, असे हलवायला लावले तेव्हा ती २६ टक्क्यांनी वाढली. पक्षाघातानंतर चालण्याला मुळातच जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे हात जखडला जाणे ही केवळ दिसण्याची बाब उरत नाही. अचानक ठेच लागली किंवा धक्का बसला तर तोल परत मिळवण्यासाठी हात सर्वांत आधी बाहेर फेकले जातात, आणि छातीशी अडकलेला हात त्या वेळी उपयोगी पडत नाही, हे तर त्याहून महत्त्वाचे.

हाताचा झोका केवळ लंबकासारखा निष्क्रिय असतो असे पूर्वी मानले जाई. हात पुढे येण्याच्या भागापुरते ते बरेचसे खरे आहे. मात्र १९६० च्या दशकात स्नायूंतील विद्युतक्रिया मोजली गेली तेव्हा खांद्याच्या मागच्या बाजूचा डेल्टॉइड स्नायू पुढे आलेल्या हाताला आवर घालण्यासाठी आणि त्याला मागे नेण्यासाठी ठरावीक क्षणी काम करतो असे दिसून आले. हात बांधून ठेवले तरी खांद्याच्या स्नायूंमधील ही क्रिया पावलांच्या तालात काही प्रमाणात चालूच राहते. म्हणजे हात हलो वा न हलो, त्याला हलवणारा आदेश कुठून तरी येतच असतो.

तो आदेश कुठून येतो, याचे एक उत्तर मज्जारज्जूत आहे. मेंदूपासून तोडलेल्या मज्जारज्जूतही पायांच्या आळीपाळीने होणाऱ्या हालचालींची लय निर्माण होऊ शकते, हे टी. ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. माणसात ही यंत्रणा इतकी स्वतंत्र नाही, पण हात आणि पाय यांना जोडणारे धागे मज्जारज्जूत आहेत याचे चांगले पुरावे मिळाले आहेत. २००१ मध्ये झुरिचच्या फोल्कर डीट्झ आणि सहकाऱ्यांनी घोट्याजवळच्या मज्जातंतूला सौम्य विद्युतस्पंदन दिले. माणूस चालत असेल तर त्या स्पंदनाला हाताच्या स्नायूंतून प्रतिसाद येई. तोच माणूस उभा असताना, किंवा बसून स्वतःच्या इच्छेने हात पुढेमागे हलवत असताना, तसा प्रतिसाद येत नसे. हात तेच आणि त्यांचे हलणेही साधारण तसेच, तरी चालण्याची अवस्था चालू झाली की हातापायांमधली वाट उघडते आणि एरवी ती बंद असते. वडिलांचा हात बसल्यावर एक वागणूक दाखवतो आणि चालताना दुसरी, याचे मूळ इथे आहे. त्यांच्या मज्जासंस्थेच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामे आहेत.

मात्र मज्जारज्जू एकटाच हे काम करत नाही. २०१० मध्ये बार्तेलेमी आणि नीलसन यांनी निरोगी व्यक्ती चालत असताना त्यांच्या मेंदूच्या हालचाल-केंद्रावर बाहेरून अत्यंत क्षीण चुंबकीय स्पंदन दिले. हे स्पंदन इतके क्षीण होते की त्याने स्नायू आकुंचन पावत नाही. उलट क्षणभर मेंदूच्या बाह्यस्तरातून खाली जाणारा आदेश दबला जातो. त्या क्षणी खांद्याच्या मागच्या डेल्टॉइडमधील क्रिया कमी झाली. जो आदेश दाबल्यावर स्नायूचे काम घटते तो आदेश त्या कामात सहभागी होता, इतके यावरून निश्चितपणे म्हणता येते. दुसरा एक प्रयोग २०१७ चा आहे. किलीन आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांना चालता चालता रंग आणि शब्द यांचा गोंधळात टाकणारा खेळ खेळायला लावला. त्यात सर्व वयांच्या पुरुषांमध्ये आणि साठीपुढच्या स्त्रियांमध्ये हातांचा झोका बदलला, आणि तो कमी झाला मुख्यतः उजव्या हाताचा. लक्ष दुसरीकडे गेल्यावर झोका बदलतो, याचा अर्थ तो पूर्णपणे आपोआप होत नाही.

पार्किन्सन आजारात सुरुवातीला एका हाताचा झोका कमी होतो, हे पुष्कळांना माहीत असते. तिथे बिघाड मेंदूच्या खोल भागातील केंद्रांत असतो आणि हात वाकून वर येण्याऐवजी कमी हलतो. दोन्ही आजारांच्या चालण्यात झोका हरवतो म्हणून त्यांवरचे व्यायाम एकमेकांना लागू पडतात असे नाही.

आता पक्षाघाताकडे येऊ. मेंदूच्या बाह्यस्तरातून निघणारा मुख्य हालचालमार्ग, म्हणजे कॉर्टिकोस्पायनल मार्ग, मेंदूच्या तळाशी बहुतांश तंतूंनिशी बाजू बदलतो, म्हणून डाव्या मेंदूतील इजेने उजवे अंग लुळे पडते. मेंदूच्या मधल्या धमनीच्या क्षेत्रात हाताचा आणि चेहऱ्याचा भाग येतो, तर पायाचा बराचसा भाग पुढच्या धमनीच्या क्षेत्रात येतो. पक्षाघात मधल्या धमनीच्या क्षेत्रात अधिक प्रमाणात होतो, आणि अनेक रुग्णांचा पाय चालण्याइतका सावरतो पण हात मागे राहतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे. याच मार्गावर बोटे वेगवेगळी हलवणे, मनगट उचलणे, कोपर खांद्यापासून स्वतंत्रपणे सरळ करणे ही कामे अवलंबून असतात.

हा मार्ग तुटला तरी मेंदूपासून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या इतर वाटा शिल्लक असतात. त्यांतील महत्त्वाची म्हणजे मेंदूच्या देठातून निघणारा रेटिक्युलोस्पायनल मार्ग. तो दोन्ही बाजूंना तंतू देतो, धड आणि खांदा-खुबा यांसारख्या मोठ्या सांध्यांवर त्याचा अंमल अधिक असतो, आणि तोल सांभाळण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. २०१२ मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी माकडांमध्ये कॉर्टिकोस्पायनल मार्गाला इजा केल्यानंतर या मार्गाच्या जोडण्या तपासल्या. हाताचा सांधा वाकवणाऱ्या स्नायूंकडे जाणाऱ्या जोडण्या बळकट झालेल्या आढळल्या, सरळ करणाऱ्या स्नायूंकडे जाणाऱ्या मात्र तशा झाल्या नव्हत्या. माणसात हेच जसेच्या तसे होते असा दावा मी करणार नाही, पण रुग्णांच्या हातात जे दिसते त्याच्याशी हे चांगले जुळते: मुख्य वाट बंद पडल्यावर जो आदेश पोहोचतो तो वाकवणारा असतो, आणि जोर जितका जास्त लावावा तितका तो आदेश वाढतो.

याला जोड देणारी आणखी एक गोष्ट ज्युलियस डेवाल्ड यांच्या गटाच्या कामातून स्पष्ट झाली आहे. पक्षाघाताचा रुग्ण खांद्याच्या बळावर हात वर उचलून धरू लागला की त्याच्या कोपराला वाकवणारे स्नायू बरोबरच आकुंचन पावतात. हाताचे वजन बाहेरून पेलले की तोच रुग्ण हात बराच लांबवर पोहोचवू शकतो. एका हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असते, म्हणजे ६० किलोच्या माणसात सुमारे ३ किलो. बसलेले असताना वडिलांच्या हाताचा हा भार मांडी पेलते. उभे राहिल्यावर तो खांद्यावर येतो, त्याच वेळी धड ताठ ठेवायचे असते, उजव्या पायावर वजन पेलायचे असते आणि पाऊल घासू नये म्हणून उजवा खुबा वर ओढायचा असतो. या सगळ्या मागण्या एकदम आल्यावर उरलेल्या वाटांमधून आदेशांचा जो लोंढा खाली येतो त्यात कोपर, मनगट आणि बोटे वाकवणारे स्नायू ओढले जातात. फ्रान्सिस वॉल्श यांनी १९२३ मध्ये अर्धांगाच्या रुग्णांमधील या अनैच्छिक सहहालचालींचे सविस्तर वर्णन केले होते. चालण्यापुरत्या त्या मर्यादित नाहीत: खोकला, शिंक, खुर्चीतून उठण्याचा प्रयत्न, बाटलीचे घट्ट झाकण डाव्या हाताने उघडणे, यांपैकी कशानेही तो हात वर येऊ शकतो. काही रुग्णांचा एरवी मुळीच न हलणारा हात जांभई देताना आपसूक उचलला जातो, आणि घरच्यांना वाटते की हात बरा झाला. तो इच्छेने हललेला नसतो. मेंदूच्या देठातील केंद्रांनी तो हलवलेला असतो.

यात एक बारकावा अनेकदा नजरेतून सुटतो. हाताचा झोका चालण्याच्या वेगावर फार अवलंबून असतो. सेकंदाला साधारण ०.८ मीटरपेक्षा कमी वेगाने चालताना निरोगी माणसाचेही हात विरुद्ध पायाबरोबर झुलण्याऐवजी दोन्ही मिळून प्रत्येक पावलाला हलके हलतात, आणि ती हालचाल जेमतेम दिसते. तुम्ही स्वतः वडिलांच्या वेगाने, त्यांच्या शेजारून, हातांकडे लक्ष न देता चालून पाहा. तुमचे हातही फारसे झुलणार नाहीत. वडील १० मीटर अंतर चालायला साडेबारा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेत असतील तर त्यांच्याकडून मोकळ्या झोक्याची अपेक्षाच चुकीची आहे. त्या वेगाला हात सैल लोंबता राहिला तरी ते उत्तम चालणे होय.

उपचार ठरवण्याआधी हात का वाकतो हे वेगळे करून पाहावे लागते, कारण तीन निरनिराळी कारणे बाहेरून सारखीच दिसतात. पहिले कारण वर सांगितलेली सहहालचाल. दुसरे म्हणजे ताठरता, ज्यात स्नायू झटक्याने ताणला की तो प्रतिकार करतो आणि हळू ताणला की बराच सैल सुटतो. तिसरे म्हणजे स्नायू आणि सांध्याभोवतीच्या ऊती खरोखरच आखडणे, ज्यात कितीही हळू ताणले तरी कोपर एका ठरावीक कोनाला अडते. घरी करता येण्यासारखी एक साधी पाहणी आहे. वडील चालून आले की त्यांना खुर्चीत टेकून बसू द्या आणि बोलू नका. हात काही सेकंदांत आपणहून मांडीवर उतरला, तर मुख्य दोष सहहालचालीचा आहे. मिनिट-दोन मिनिटे होऊनही कोपर वाकलेलेच राहिले आणि हलक्या हाताने सावकाश सरळ केल्यावर सुटले, तर ताठरतेचा भाग मोठा आहे. सावकाश सरळ करतानाही रोज त्याच कोनाला अडत असेल, तर ऊती आखडू लागल्या आहेत आणि त्यासाठी उशीर करू नये. तुम्ही केलेल्या वर्णनावरून वडिलांच्या बाबतीत पहिले कारण मुख्य वाटते. बसल्यावर कोपर सरळ होते हे चांगले लक्षण आहे.

दुसरी पाहणी मोबाईलवर चित्रीकरण करून करावी, कारण नुसत्या डोळ्यांनी क्रम कळत नाही. उजव्या बाजूने, डोक्यापासून पायांपर्यंत पूर्ण दिसतील इतके लांब उभे राहून चित्रीकरण करा आणि नंतर ते सावकाश फिरवून पाहा. कोपर नेमके कधी वाकायला लागते? खुर्चीतून उठतानाच वाकत असेल तर उठण्याची पद्धत आणि मांड्यांची ताकद हा पहिला विषय होतो. उजवा पाय उचलण्याच्या क्षणी प्रत्येक वेळी थोडे थोडे अधिक वाकत असेल, तर पाऊल जमिनीवरून सुटायला जड जात आहे असे समजावे. वळताना, उंबरा ओलांडताना किंवा समोरून कोणी आल्यावरच वाकत असेल, तर तोल आणि भीती यांचा भाग मोठा आहे. कोणी बोलायला लागल्यावर वाकत असेल, तर लक्ष विभागण्याचा प्रश्न आहे.

या शेवटच्या मुद्द्यामुळे ‘हात सोडा’ या सूचनेबद्दल माझे मत मी स्पष्टपणे मांडतो: ती थांबवावी. हात इच्छेने हलवण्याची जी वाट आहे तीच इजा झालेली आहे, आणि सूचना तिच्याकडूनच काम मागते. हाताकडे लक्ष वळले की पायांवरचे लक्ष कमी होते, पाऊल अडखळते, भीती वाढते आणि हात आणखी वर जातो. उजवी बाजू लुळी पडलेल्या रुग्णांत डाव्या मेंदूतील भाषेच्या केंद्रांनाही अनेकदा धक्का बसलेला असतो, त्यामुळे ऐकलेले वाक्य समजून घेणे हेही त्यांच्यासाठी एक वेगळे काम होऊन बसते. वडील चिडतात त्यात स्वभावाचा दोष शोधू नये. त्यांच्याशी बोलायचे असेल तर थांबवून, उभे करून किंवा बसवून बोलावे.

यापलीकडे काय करावे, तर आधी चालणे स्वस्त, म्हणजे कमी जोरात होणारे करावे. पाऊल लोंबत असेल तर घोट्याला आधार देणारा योग्य मापाचा स्प्लिंट, ज्याला बरेच जण एएफओ म्हणतात, तो घालून आणि न घालता असे दोन्ही चित्रीकरण करून पाहावे. माझ्या अनुभवात काही रुग्णांचे कोपर केवळ या बदलाने त्याच दिवशी खाली आलेले दिसते, कारण पाय वर ओढण्याचा जोर वाचतो. काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी यावी आणि काठी धरल्यावर कोपर थोडेसे वाकलेले राहावे. काठी आखूड असेल तर धड डावीकडे झुकते आणि उजवी बाजू ओढली जाते. खुर्चीतून उठणे आणि बसणे, दोन्ही पायांवर सारखे वजन घेऊन, पुन्हा पुन्हा करणे हा मला सर्वांत उपयोगी वाटणारा व्यायाम आहे. तो साधा दिसतो म्हणून लोक त्याला कंटाळतात. उजव्या पायावर वजन घेऊन डावा पाय बुटक्या पायरीवर ठेवणे, भिंतीच्या किंवा ओट्याच्या आधाराने बाजूला पावले टाकणे, ही पुढची पायरी. हे करताना कोपर किती वाकते यावरून व्यायामाची तीव्रता ठरवता येते: थोडे वाकले तर चालेल, हात छातीपर्यंत गेला तर व्यायाम त्या दिवसापुरता फार अवघड झाला आहे.

काठी हा मात्र दुधारी आधार आहे. डावा हात काठीत आणि उजवा हात छातीशी अडकला, की चालण्यातून दोन्ही हात बाद होतात. म्हणून तोल पुरेसा झाल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, कमरेला पट्टा बांधून, थोडे अंतर काठीशिवाय चालण्याचा सराव करावा असे मी सुचवतो. घरी आपल्या मनाने काठी काढून घेऊ नये. पडून खुब्याचे हाड मोडले तर आठ महिन्यांची कमाई जाते.

हातापायांना जोडणारी मज्जारज्जूतली वाट उलट्या दिशेनेही वापरता येते. व्हिक्टोरिया विद्यापीठातील पॉल झेर यांच्या गटाने हातांच्या लयबद्ध हालचालींचा पायांच्या प्रतिक्षिप्त क्रियांवर होणारा परिणाम दीर्घकाळ अभ्यासला आहे. २०१८ मध्ये त्यांनी पक्षाघाताला बराच काळ उलटून गेलेल्या रुग्णांना ५ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा, ३० मिनिटे हातांनी फिरवायची सायकल चालवायला लावली, आणि पायांचा कोणताही वेगळा व्यायाम न देता त्यांच्या चालण्यात सुधारणा झालेली आढळली. अभ्यास लहान आहे, त्यामुळे त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. पण हात दुखत नसेल तर हा व्यायाम सुरक्षित आहे आणि बसून करता येतो. उजवी मूठ पट्ट्याने पायडलला बांधावी, डाव्या हाताने बहुतांश जोर लावला तरी चालतो, आणि गती संथ पण अखंड ठेवावी. हात आणि पाय दोन्ही एकाच वेळी हलणारी बसून चालवायची सायकल मिळत असेल तर तीही चांगली. ट्रेडमिलवर चालताना मात्र स्थिर दांड्याला घट्ट धरून अंग ओढणे टाळावे, कारण तो ओढण्याचा जोर थेट वाकवणाऱ्या स्नायूंना खतपाणी घालतो. दांड्यावर हात उघडा टेकलेला असला तर प्रश्न नाही.

हाताचे वजन पेलून चालण्याचा सरावही मला उपयोगी वाटतो. कमरेच्या उंचीच्या, ब्रेक लावता येणाऱ्या चाकांच्या टेबलावर उजवा तळवा आणि मनगट उघडे टेकवून, दुसऱ्या व्यक्तीने टेबल आवरत, हळूहळू चालायचे. खांद्यावरचा भार गेला की कोपर बऱ्याच जणांत आपोआप सैल राहते, आणि त्या अवस्थेत पायांना चालण्याचा सराव मिळतो. एकदा हे जमले की टेबलाचा आधार थोडा थोडा कमी करता येतो.

चालवताना सोबतच्या माणसाने उजव्या बाजूला, किंचित मागे राहावे आणि कमरेच्या पट्ट्याला धरावे. उजव्या हाताला धरून ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे कटाक्षाने टाळावे. पक्षाघातानंतर खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधाराअभावी खाली सरकलेला असू शकतो, ओढल्याने तो दुखावतो, आणि दुखरा खांदा पुढे प्रत्येक हालचालीत हात वाकवतो. हात गळ्यात अडकवण्याच्या झोळीबद्दल बोलायचे तर पहिल्या काही आठवड्यांत हात पूर्ण लुळा असताना आणि खांदा उतरलेला असताना चालण्यापुरती ती उपयोगाची असते. तिने चालण्याचा ढंग सुधारतो असे दाखवणारा अभ्यासही आहे. तुमच्या वडिलांसारख्या, आठ महिने उलटलेल्या आणि हात वाकत असलेल्या रुग्णाने ती दिवसभर घातल्यास कोपर वाकलेल्याच स्थितीत ठेवल्यासारखे होते.

बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनचा विचार कोपर वाकल्यामुळे कपडे घालणे, तळहात धुणे किंवा तोल सांभाळणे अवघड झाले असेल तर करावा. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, काही आठवड्यांत पूर्ण होतो आणि साधारण तीन ते चार महिन्यांत ओसरतो. इंजेक्शन स्नायू ढिला करते. झोका देत नाही. त्या काळात व्यायाम झाला नाही तर खर्च वाया गेला असे समजावे. तोंडाने घ्यायच्या बॅक्लोफेनसारख्या औषधांनी ताठरता कमी होते, पण गुंगी आणि एकूण अशक्तपणा येऊन चालणे उलट बिघडू शकते, म्हणून ती चालता येणाऱ्या रुग्णांत जपून वापरली जातात.

हात पूर्वीसारखा हलेल का, याचे प्रामाणिक उत्तर असे की ते मुख्य मार्गाचे किती तंतू शिल्लक आहेत यावर ठरते. हालचालींमधील सुधारणेचा सर्वांत वेगाचा काळ पहिले तीन ते सहा महिने असतो आणि तो उलटून गेला आहे. तरीही चालण्यातील हात आणि कामाचा हात या दोन गोष्टींची गल्लत करू नये. बटण लावण्यासाठी बोटांवर जितका सूक्ष्म ताबा लागतो तितका चालताना हात सैल ठेवायला लागत नाही; बोटे जवळजवळ न हलणाऱ्या रुग्णांतही पाय बळकट झाल्यावर आणि वेग वाढल्यावर हात खाली उतरून थोडाफार झुलू लागल्याचे मी पाहिले आहे. वडील बसून खांदा बाजूला उचलू शकतात का आणि बोटे थोडी तरी उघडू शकतात का, हे पाहा. दोन्ही जमत असेल तर मुख्य मार्ग काही प्रमाणात चालू आहे आणि हाताच्या स्वतंत्र व्यायामांवरही वेळ खर्च करणे योग्य ठरेल. एक इशारा मात्र हवा: वेग वाढवण्याच्या सरावात सुरुवातीला अनेकांचा हात जास्त वाकतो. नव्या वेगाची सवय झाल्यावर तो उतरतो की नाही, हे दोन-तीन आठवडे पाहून मगच तो वेग कायम करावा.

प्रगती मोजायची तर महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच चपला-बुटांत, त्याच वेळेला चित्रीकरण करा आणि १० मीटरला लागणारे सेकंद लिहून ठेवा. आधी आणि नंतर दोन-दोन मीटर मोकळे सोडावेत, म्हणजे सुरुवातीचा आणि थांबण्याचा वेग मोजणीत येत नाही. रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही, आणि थकवा, झोप किंवा थंडी यांमुळे एखाद्या दिवशी हात जास्त वाकला तर घाबरण्याचे कारण नाही.

काही दिवसांत हात अचानक पूर्वीपेक्षा फार ताठ झाला, तर आधी शरीरात दुसरीकडे काही दुखते-खुपते आहे का ते शोधावे. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, बोटात रुतलेले नख, पाठीवर किंवा टाचेवर पडलेली जखम, दुखरा खांदा, यांपैकी कशानेही ताठरता वाढते आणि मूळ कारण दूर केल्यावर ती उतरते. हात किंवा पाय अचानक अधिक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो नवा झटका समजून, वेळ लक्षात ठेवून, ताबडतोब रुग्णालयात न्यावे. एरवी पुढच्या तपासणीला जाताना तीन छोटी चित्रीकरणे बरोबर न्या: खुर्चीतून उठतानाचे, सरळ चालतानाचे आणि वळतानाचे. तपासणीच्या खोलीत रुग्ण सावधपणे चालतो आणि हात घरी जितका वाकतो तितका तिथे क्वचितच वाकतो.